जाकीट अंगावर, दोरी मांडीला

खानदेशात पाण्याविषयी बोलणे निघाले की ते टंचाईवरच येऊन थांबते. आवर्तन कधी सुटणार, बोअरला किती फुटांवर पाणी लागले, टँकर आला की नाही, हे आपले पिढीजात विषय आहेत. तापीकाठच्या भोई आणि कोळी कुटुंबांना खोल पाण्याचा स्वभाव ठाऊक आहे. शेतीवर, दुकानावर आणि नोकरीवर जगणाऱ्या बाकीच्यांना तो फारसा माहीत नाही. दरम्यान हतनूर, वाघूर, सारंगखेडा, प्रकाशा येथे पाणी अडले आणि उकाई व सरदार सरोवर या गुजरातमधील धरणांचा फुगवटा नंदुरबार जिल्ह्यात शिरला. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने हतनूर धरणापासून खंभातच्या आखातापर्यंतची ४३६ किलोमीटर तापी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०० म्हणून जाहीर झाली. या जलमार्गावरून मालवाहतूक होईल तेव्हा होईल, पण हौसेची बोट त्याआधीच काठाला लागली आहे. तोरणमाळच्या यशवंत तलावावर फेरी मारणारी कुटुंबे, रविवारी धरणावर येणारे तरुणांचे घोळके, ओळखीतून कोणाच्या तरी इंजिनच्या बोटीवर चक्कर मारून येणारे पाहुणे, अशी ही हौस वाढते आहे आणि ती वाढावी असे मलाही वाटते. उन्हाने भाजून निघणाऱ्या या मुलखाला पाण्यावरचा मोकळा वारा मिळत असेल तर त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की हौसेच्या कोणत्याही यंत्रबोटीचे इंजिन सुरू होण्यापूर्वी बोटीतल्या प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट घट्ट बांधलेले असले पाहिजे आणि इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी चालकाच्या अंगाला अडकवलेली असली पाहिजे. या दोन्ही गोष्टी पर्यटकाच्या मर्जीवर किंवा बोटवाल्याच्या चांगुलपणावर सोडू नयेत. बोट पाण्यात उतरवण्याच्या परवानगीतच ती अट असावी. खानदेशात अशा बोटी अजून थोड्या आहेत. म्हणूनच ही अट घालणे आज सोपे आहे. शेकडो बोटी झाल्यावर, त्यांच्यावर शेकडो घरांचे पोट अवलंबून राहिल्यावर, कोणतीही नवी अट म्हणजे धंद्यावर संकट ठरते आणि मग मोर्चे, निवेदने, मुदतवाढ यांतच वर्षे निघून जातात.

जाकिटाबाबत आपल्याकडची चौकशी नेहमी चुकीच्या ठिकाणी थांबते. अपघात झाला की ‘बोटीत जाकिटे होती का?’ असे विचारले जाते. ती असतात. बाकाखाली कोंबलेली असतात, टपाला दोरीने बांधून ठेवलेली असतात, पोत्यात भरून टोकाला ठेवलेली असतात. बोट कलंडायला काही क्षण पुरतात आणि तेवढ्या वेळात घाबरलेल्या माणसाने बाकाखालून जाकीट ओढून काढावे, ते कोणत्या बाजूने घालायचे ते ओळखावे आणि तीन पट्टे लावावेत, ही अपेक्षा ज्याने केली त्याने कधी पाण्यात पडून जाकीट घालून पाहिलेले नसावे. उथळ, संथ पाण्यात, कोणतीही भीती नसताना, हा प्रयोग कोणीही करून पाहावा. हाताने पाणी मारणे थांबवले की तोंड बुडते आणि हात मोकळे केल्याशिवाय पट्टा लागत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार हौशी नौकाविहारात मृत्युमुखी पडलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के माणसे बुडून मेली आणि त्या बुडालेल्यांपैकी सुमारे ८७ टक्क्यांच्या अंगावर जाकीट नव्हते. ज्या देशात बोटीत जाकिटे ठेवण्याची सक्ती कित्येक वर्षांपासून आहे, त्या देशाचा हा आकडा आहे. त्यामुळे साधन बोटीत असण्याच्या सक्तीने प्रश्न सुटत नाही, हे तरी आपण त्यांच्याकडून फुकटात शिकून घ्यावे.

आपल्या आसपासची उदाहरणेही दूरची नाहीत. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली शाळेची मुले घेऊन निघालेली बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि जाकिटे मोजक्याच मुलांच्या अंगावर होती. तो तलाव शहरातच आहे, काठ नजरेच्या टप्प्यात आहे, आणि ‘एवढ्याशा पाण्यात काय होते’ असे ज्याच्याविषयी सहज म्हणता येईल असाच तो आहे. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात सापडून उलटली. तीतले एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागले. बाकीचे सहा जण बुडाले, आणि त्यांत दोन चिमुरडी मुले होती.

उजनीची ही घटना मला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण आपल्याकडे जाकीट नाकारणाऱ्याचे पहिले उत्तर तयार असते: ‘माले पव्हता येस.’ हे उत्तर खोटे नसते. तापी-गिरणेच्या काठी वाढलेला माणूस खरोखरच चांगला पोहतो आणि उजनीत पोहता येणारा वाचला हेही खरे आहे. पण बोटीत पोहता येणारा एकटा नसतो. त्याच्या बरोबर साडी नेसलेली आई असते, मांडीवर मूल असते, शहरातून आलेली, कधी विहिरीतही न उतरलेली बहीण असते. बोट उलटल्यावर त्याच्या अंगावर जाकीट नसेल, तर त्याने आधी स्वतःला तरंगत ठेवायचे की बुडणाऱ्याला धरायचे, हा निर्णय त्याला एका श्वासात घ्यावा लागतो. आणि बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो. जाकीट घातलेला पोहणारा मात्र दोघांना धरून थांबू शकतो. शिवाय वेगात जाणाऱ्या बोटीतून फेकला गेलेला माणूस उडी मारत नाही, तो आदळतो. डोके बोटीच्या कडेवर आपटले, दम कोंडला, खांदा निखळला, तर कसलेल्या पोहणाऱ्याचे कसबही त्या वेळी उपयोगाला येत नाही.

आता जाकीट म्हणजे नेमके काय, याकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण नारिंगी रंगाची कोणतीही फोमची बंडी म्हणजे जाकीट नव्हे. पाणी माणसाचा बहुतेक भार स्वतःच उचलते. प्रौढ माणसाचे तोंड पाण्याबाहेर राहण्यासाठी साधारण तीन ते साडेपाच किलो इतकीच जादा उचल लागते. आंतरराष्ट्रीय मानकांत ही उचल न्यूटनमध्ये मोजतात; दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोची उचल. ५० न्यूटनचे साधन पोहता येणाऱ्यासाठी, काठाजवळ, मदत हाताशी असताना वापरायचे असते. ते बेशुद्ध माणसाला उताणे करत नाही. जलाशयासारख्या बंदिस्त पाण्यासाठी १०० न्यूटनचे, तर खवळलेल्या पाण्यासाठी १५० न्यूटनचे जाकीट सांगितलेले असते, आणि त्यांच्या मानेमागे कॉलर असते ती शोभेसाठी नसते, तोंड वर राहावे म्हणून असते. काठावर भाड्याने मिळणाऱ्या जाकिटांपैकी कितींवर हा आकडा किंवा जहाजे व त्यांची साधने तपासणाऱ्या ‘इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग’ या संस्थेची मंजुरीची खूण वाचता येते, हे वाचकाने पुढच्या वेळी स्वतः पाहावे. उन्हात वर्षानुवर्षे पडून रंग फिका पडलेले कापड नखाने ओढले तरी फाटते, फोम दाबून दाबून पापडासारखा चपटा होतो, आणि तुटलेल्या बकलाच्या जागी सुतळीची गाठ मारलेली असते. अशा जाकिटाने फोटोत सुरक्षितता दिसते, एवढाच त्याचा उपयोग.

मुलांच्या बाबतीत तर मापाशिवाय जाकिटाला अर्थ नाही. मोठ्याचे जाकीट मुलाला घातले की मूल पाण्यात पडताच ते वर सरकते, बाह्यांमधून हात निसटतात आणि मूल जाकिटाखालून खाली जाते. तपासण्याची रीत सोपी आहे: जाकिटाचे सर्व पट्टे लावावेत, दोन्ही खांद्यांवर धरून ते वर ओढावे, ते हनुवटीच्या वर, कानांपर्यंत आले तर ते त्या मुलाचे नव्हे. लहान मुलाला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असलेलेच जाकीट हवे. ज्या बोटवाल्याकडे लहान मापाची जाकिटे नाहीत त्याने लहान मुलांना बोटीत घेऊ नये. यात तडजोडीला जागा आहे असे मला वाटत नाही.

जाकिटावरचा एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकणे अन्यायाचे होईल. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. त्या उकाड्यात जाड फोमचे जाकीट छातीशी आवळणे हा जाच आहे, आणि दिवसभर माणसे बदलत तेच जाकीट वापरले जाते तेव्हा त्याला जो वास येतो त्यामुळे अनेक स्त्रिया ते हातात धरून बसतात, घालत नाहीत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जाकिटे रोज धुऊन सावलीत वाळवली पाहिजेत, वापरात असतील त्याच्या दुप्पट संख्येने ठेवली पाहिजेत, आणि उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ फेऱ्या बंद ठेवल्या पाहिजेत. तसेही त्या वेळी हौसेने पाण्यावर जाणारे थोडेच असतात. स्वतःची बोट बाळगणाऱ्यांसाठी वायूच्या छोट्या नळकांड्याने फुगणारी पातळ जाकिटे मिळतात, ती गळ्यात अडकवल्याचे फारसे जाणवतही नाही. मात्र त्यांचे नळकांडे वेळोवेळी तपासावे लागते, म्हणून भाड्याच्या बोटींसाठी फोमचेच बरे.

आणि आता दोरीविषयी. जाकिटाबद्दल निदान बोलले तरी जाते. दोरीबद्दल बहुतेकांना काही माहीतच नसते, त्यामुळे तिच्यासाठी थोडी जागा जास्त घेतो.

बोटीच्या मागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनावर किंवा चालकासमोरच्या पट्टीवर एक लाल बटण असते आणि त्याच्या खाचेत एक चिमटा बसवलेला असतो. त्या चिमट्याला टेलिफोनच्या वायरीसारखी पीळदार लाल दोरी असते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कडी असते. ती कडी चालकाने मांडीभोवती गुंडाळून दोरीलाच अडकवायची, किंवा जाकिटाच्या मजबूत कड्याला लावायची. चालक जागेवरून उडाला की दोरी ताणली जाते, चिमटा निसटतो आणि इंजिन तत्क्षणी बंद पडते. यंत्रणा एवढीच आहे. तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही आणि ती इंजिनाबरोबरच येते.

ती नसली की काय घडते ते समजून घ्यावे. चालक पाण्यात पडला तरी इंजिन चालू राहते. चाकावर किंवा दांड्यावर हात नसल्याने पंख्याच्या फिरण्याच्या जोराने इंजिन एका बाजूला वळते आणि बोट लहान वर्तुळात गरागरा फिरू लागते. ती निघून जात नाही. जिथे माणसे पडली आहेत तिथेच पुन्हा पुन्हा येते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी बोट एका सेकंदात ८ मीटरहून अधिक अंतर कापते, आणि तिचा पंखा पूर्ण वेगात सेकंदाला ४० च्या आसपास फेरे घेतो. पाण्यातल्या माणसाला तिच्या वाटेतून बाजूला होण्याची संधी जवळजवळ नसते, आणि जाकीट घातलेल्या माणसाला तर बुडी मारूनही वाचता येत नाही. मे २०१३ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर पॅडस्टोजवळ नेमके हेच झाले. एका कुटुंबातले सहाही जण वेगातल्या बोटीतून वळणावर फेकले गेले, मोकळी बोट फिरत फिरत त्यांच्यावर आली, वडील आणि आठ वर्षांची मुलगी मरण पावली आणि इतर काही जण गंभीर जखमी झाले. बोटीला दोरी होती, पण ती चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली नव्हती. पोहणे किंवा तरंगणे हा तिथे प्रश्नच नव्हता.

हे समुद्रावरचे आहे, आपल्या धरणात असे वळण कोण घेतो, असे कोणी म्हणेल. आपल्या धरणांत दुसरा धोका आहे. हतनूरसारख्या जलाशयात गाळ प्रचंड साचला आहे. बुडीत क्षेत्रांत बाभळीचे बुंधे, जुन्या विहिरींचे कठडे, कुंपणाचे खांब पाण्याखाली तसेच राहतात आणि पाणी उतरत गेले की ते पृष्ठभागाच्या हातभर खाली येतात. वर मासेमारीची जाळी पसरलेली असतात. पंखा बुंध्याला लागला की इंजिन उसळते, बोटीला हिसका बसतो आणि उभ्याने चालवणारा माणूस पाण्यात जातो. त्यानंतर बोटीत राहिलेल्या, इंजिन कसे बंद करायचे हेही माहीत नसलेल्या पाच-सहा पर्यटकांचे काय होणार, याचा विचार दोरी खुंटीला टांगून ठेवणाऱ्या प्रत्येक चालकाने करावा.

बहुतेक जण ती टांगूनच ठेवतात. चालक उठून पुढे गेला, कोणाला हात द्यायला वाकला, की इंजिन बंद पडते, मग पुन्हा सुरू करावे लागते, याचा त्यांना वैताग येतो. त्यावर उपाय म्हणून चिमटा बटणात कायमचा बसवून दोरी कापून टाकतात. आपल्याकडे वारंवार पडणाऱ्या स्टार्टरला कंटाळून शेतकरी मोटार ‘डायरेक्ट’ करून टाकतो, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की तिथे मोटार जळते. वैताग खरा असला तरी त्याचे उत्तर दोरी कापणे हे नव्हे. चालकाने उठायचे असेल तर बोट थांबलेलीच असली पाहिजे, आणि ती थांबवण्याची आठवण दोरी करून देत असेल तर ती तिचे काम चोख करते आहे. बोटीत दुसरी सुटी दोरी ठेवणे मात्र अत्यावश्यक आहे. चालक पडला की त्याच्याबरोबर दोरी जाते, आणि त्याला आणायला बोट सुरू करायची तर दुसरा चिमटा लागतो. तो कुठे ठेवला आहे आणि कसा बसवायचा हे निघण्यापूर्वी एका तरी प्रवाशाला दाखवून ठेवावे. रोज पहिल्या फेरीपूर्वी दोरी ओढून इंजिन खरेच बंद पडते का ते पाहावे. अमेरिकेने १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान, ३ अश्वशक्ती वा अधिक ताकदीच्या इंजिनाच्या बोटी वेगात चालवताना ही दोरी किंवा तिच्यासारखी यंत्रणा वापरणे सक्तीचे केले आहे. आपल्या धरणांवर फिरणाऱ्या बोटी याच आकाराच्या असतात.

साधने घातली म्हणजे मृत्यू टळलाच, असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि धुळ्याहून गेलेल्या पथकातले तीन जवान गेले. ती हौशी माणसे नव्हती; पाण्याचे शिक्षण घेतलेली, दुसऱ्यांना वाचवायला गेलेली माणसे होती. वाहत्या पाण्याचा आणि भोवऱ्याचा जोर माणसाच्या तयारीला मागे टाकू शकतो. त्यांच्या मृत्यूतून मी एकच गोष्ट घेतो: बंधाऱ्याच्या सांडव्याजवळ, दरवाज्यांच्या वरच्या व खालच्या बाजूला हौसेची बोट जाताच कामा नये आणि तिथे तरंगत्या खुणांची रांग असलीच पाहिजे. हतनूरचे ४१ दरवाजे उघडतात तेव्हा खालच्या तापीचे काय होते हे काठावरची गावे जाणतात; बाहेरून आलेला पर्यटक ते जाणत नाही. शिकलेले जवानही जिथे बुडतात तिथे न शिकलेल्यांनी साध्या साधनांशिवाय उतरावे, हा निष्कर्ष मात्र कोणीही काढू नये.

सक्तीवरचा तात्त्विक आक्षेप असा असतो की आपल्या जिवाची जोखीम घेणे हा प्रौढ माणसाचा स्वतःचा प्रश्न आहे. स्वतःच्या तलावात, स्वतःच्या बोटीत, एकट्याने फिरणाऱ्याबाबत मी यावर वाद घालणार नाही. पण जलाशय सार्वजनिक आहेत, बोटीत इतर माणसे असतात, बुडालेल्याला शोधायला तेच धुळ्याचे जवान आणि तेच गावचे पट्टीचे पोहणारे स्वतःचा जीव धोक्यात घालून उतरतात. शिवाय सक्तीचा परिणाम होतो, हे दिसलेले आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर २००५ पासून लहान हौशी बोटींत जाकीट अंगावर घालणे बंधनकारक केले. त्यानंतर जाकीट घालणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले आणि बुडून होणारे मृत्यू आधीच्या सहा वर्षांतील ५९ वरून नंतरच्या पाच वर्षांत १६ वर आले. त्यांच्याकडे आधीही जाकिटे होती, जाहिराती होत्या, समजावणे होते. फरक पडला तो ‘अंगावर’ या शब्दाचा कायद्यात समावेश झाल्यानंतर.

आपल्याकडे त्यासाठी नवा कायदा होण्याची वाट पाहण्याची गरज नाही. यंत्रबोटींची नोंदणी आणि तपासणी २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली येते, साहसी पर्यटनासाठी राज्याचे २०२१ चे धोरण आहे, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्येच बोटींच्या सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत, आणि जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांनी एकाच मजकुराचा आदेश काढावा. धरणावर बोट चालवण्याचा ठेका देताना जलसंपदा विभागाने तोच मजकूर करारात घालावा: जाकीट बांधलेले नसलेला एकही प्रवासी आढळला किंवा चालकाच्या अंगाला दोरी नसली, तर त्या दिवसाच्या फेऱ्या बंद, दुसऱ्यांदा आढळले तर ठेका रद्द. दंड पर्यटकाला नको, कारण तो आज आला आणि उद्या गेला. जबाबदारी त्याची, ज्याच्या हातात इंजिनाची दोरी आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत नौदलाच्या वेगवान बोटीने नीलकमल या प्रवासी बोटीला धडक दिली, १५ जणांचा जीव गेला, आणि त्यानंतर गेटवेवर प्रवाशांच्या अंगावर जाकीट सक्तीने चढले. तिथे ते एका दुर्घटनेनंतर जमले. हतनूरवर ते आधीच जमवता येईल.

एका बाबतीत मात्र हा नियम सरसकट लावू नये. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत नर्मदेच्या फुगवट्याकाठी राहणाऱ्या पाड्यांसाठी बोट ही हौस नाही. बाजार, रेशन, दवाखाना सगळे बोटीनेच गाठावे लागते. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या सणाला नर्मदेत पूजेसाठी निघालेल्या माणसांनी भरलेली बोट भुषा गावाजवळ उलटली आणि त्यात लहान मुलांसह अनेक जीव गेले. त्या माणसांना दंडाची नोटीस देणे क्रूर ठरेल. धरणाने त्यांचे रस्ते बुडवले आहेत, तेव्हा त्यांच्या प्रत्येक बोटीत, प्रत्येक मापाची, खूण असलेली जाकिटे सरकारने स्वतःच्या पैशाने द्यावीत, दोन-तीन वर्षांनी ती बदलून द्यावीत, आणि बोट चालवणाऱ्या तरुणांना दोरी लावून चालवण्याचे शिक्षण त्यांच्याच पाड्यावर, त्यांच्याच बोलीत मिळावे.